बिली हॉलिडे यांना स्वरांजली : प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४

येत्या ७ एप्रिलला अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे यांचा जन्मदिवस आहे. त्या दिवशी पश्चिम बाल्टिमोरमधील एका चर्चच्या सभागृहात त्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम करायचे आज आमच्या सात जणांच्या संचाने पक्के केले. गायिका, ट्रम्पेट, तेनॉर सॅक्सोफोन, गिटार, डबल बास, ड्रम्स आणि पियानो असा हा संच आहे. पियानो आणि वाद्यसंयोजन ही कामे माझ्याकडे आली आहेत. इतरांसाठी कामाचे वेळापत्रक इंग्रजीत आहेच, पण पुण्या-मुंबईत आणि गोव्यात जॅझ वाजवणाऱ्या व ऐकणाऱ्या मंडळींना पुढेमागे उपयोग व्हावा म्हणून या नोंदी मी मराठीत ठेवत आहे.

हॉलिडे यांचा जन्म १९१५ मध्ये फिलाडेल्फियात झाला, पण त्यांचे बालपण गेले ते याच बाल्टिमोर शहरात. तेव्हा त्यांचे नाव एलिनोरा होते. शाळा बुडवल्याबद्दल न्यायालयाने वयाच्या नवव्या वर्षी त्यांची रवानगी ‘हाउस ऑफ द गुड शेफर्ड’ या मुलींच्या सुधारगृहात केली. तेथून पुढे गरिबी, अमली पदार्थ, तुरुंग, पोलिसांचा ससेमिरा आणि अवघ्या ४४ व्या वर्षी रुग्णालयात, अटकेत असताना आलेला मृत्यू, ही सगळी हकिगत येथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. नेमकी हीच अडचण आहे. त्यांच्या आयुष्याची करुण कहाणी इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, त्यांनी गाण्यात काय केले हे सांगायला कुणाला वेळच उरत नाही. म्हणून आजच्या बैठकीत मी पहिलाच मुद्दा असा मांडला की, हा कार्यक्रम त्यांच्या दुःखाचा नसावा, त्यांच्या बुद्धीचा असावा. विसाव्या शतकातल्या एका थोर संगीतकाराला आपण मानवंदना देत आहोत, हे प्रत्येक निर्णयात दिसले पाहिजे. सर्वांना हे मान्य झाले.

२० जानेवारी

गाण्यांची निवड आज सुरू केली. पहिला भर १९३५ ते १९३८ या काळातल्या, पियानोवादक टेडी विल्सन यांच्या नावाने ब्रन्सविक कंपनीने काढलेल्या तबकड्यांवर असेल. २ जुलै १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये विशीतल्या हॉलिडे विल्सन यांच्यासोबत पहिल्यांदा ध्वनिमुद्रणाला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या भोवती क्लॅरिनेटवर बेनी गुडमन, ट्रम्पेटवर रॉय एल्ड्रिज आणि तेनॉरवर बेन वेब्स्टर होते. त्या दिवशीचे ‘व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू’ आमच्या यादीत पहिले आहे.

या तबकड्यांची घडण आजच्या श्रोत्याला नवलाची वाटेल. जेमतेम तीन मिनिटांच्या तबकडीत गायिकेला बहुतेक वेळा एकच आवर्तन, म्हणजे पूर्ण चालीचा एक फेरा, मिळत असे, तेही मधोमध. आधी आणि नंतर वादक आपापले बोलून घेत. ज्यूकबॉक्ससाठी घाईने तयार होणारी ही गाणी अनेकदा अगदी सामान्य असत, आणि हॉलिडे यांना त्यांचे ठोक मानधन मिळे, विक्रीतला वाटा मिळत नसे. तरीही या एका आवर्तनात त्या जे करून जातात, ते पुढच्या पिढीतल्या बहुतेक सर्व गायकांनी शिकून घेतले. फ्रँक सिनात्रा यांनी तर हे ऋण उघडपणे मान्य केले आहे.

त्यावरून आज दोन निर्णय झाले. कार्यक्रमाच्या पूर्वार्धात आमच्या गायिका एका गाण्यात एकच आवर्तन गातील, आणि त्या मंचाच्या पुढच्या कडेला एकट्या न उभ्या राहता ट्रम्पेट व सॅक्सोफोनच्या रांगेत उभ्या राहतील. आपण गाताना एखादे फुंकवाद्य वाजवत आहोत असे आपल्याला वाटते, असे हॉलिडे स्वतः म्हणत असत. उभे राहण्याच्या जागेतूनही ते श्रोत्यांच्या लक्षात यावे.

३ फेब्रुवारी

आजचा सगळा दिवस एका गाण्यावर गेला, आणि तो जायलाच हवा होता. १५ जून १९३७ रोजी ध्वनिमुद्रित झालेले ‘अ सेलबोट इन द मूनलाइट’ हे गाणे मुळात गाय लोम्बार्डो यांच्या गोडगुलाबी नृत्यवाद्यवृंदाचे. कारमेन लोम्बार्डो आणि जॉन जेकब लोब यांची रचना. चांदण्यात होडी, सोबत प्रियकर, एवढाच आशय. छापील स्वरलेखन समोर ठेवून हॉलिडे यांचे आवर्तन मी ओळीओळीने उतरवून घेतले.

पहिली गोष्ट अशी की, छापील चालीतले अनेक चढउतार त्या सरळ काढून टाकतात. त्यांच्या गळ्याचा पल्ला एका सप्तकाहून फार मोठा नव्हता, पण ही काटछाट गळ्याच्या मर्यादेपोटी केलेली नाही. स्वर कमी केल्यामुळे शब्दाला बोलण्याचा ओघ मिळतो आणि उरलेला प्रत्येक स्वर वजनदार होतो. दुसरी गोष्ट लयीची. मागे रिदम सेक्शन, म्हणजे लय सांभाळणाऱ्या वाद्यांचा गट, चार मात्रा घड्याळासारख्या सरळ टाकत असतो. हॉलिडे ओळीचा पहिला शब्द मात्रेवर ठेवत नाहीत, मात्रा जाऊ देतात, मग शब्द ठेवतात, पुढच्या दोन शब्दांत थोडे अंतर भरून काढतात, पुन्हा मागे रेलतात, आणि ओळ संपते तेव्हा त्या आणि वाद्ये एकाच ठिकाणी पोहोचलेली असतात. हे मागे राहणे सैलपणाचे नव्हे. पूर्ण ओळीचा हिशेब आधी मनात झाल्याशिवाय ते कुणालाही साधणार नाही. ठुमरीत बोल बनवताना लयीशी खेळून समेवर सहज येणाऱ्या गायिकांना ऐकत वाढलेल्या मराठी कानाला यातली अक्कल लगेच कळते. फरक असा की, ठुमरीला विस्ताराला मोकळी जागा असते आणि येथे सगळे ३२ बारांत (एक बार म्हणजे चार मात्रा) उरकायचे असते.

तिसरी गोष्ट लेस्टर यंग यांच्या तेनॉरची. गायनाच्या आवर्तनात यंग गप्प बसत नाहीत, आणि ओळीच्या शेवटी उरलेली जागा भरण्यापुरतेही थांबत नाहीत. ते गाण्याच्या बरोबरीने, कधी खालून, कधी पुढे डोकावून, स्वतःची वेगळी ओळ वाजवत राहतात आणि तरीही एकही शब्द झाकला जात नाही. दोघांची पहिली तबकडी २५ जानेवारी १९३७ ची. यंग यांनीच हॉलिडे यांना ‘लेडी डे’ म्हटले, आणि हॉलिडे यांनी त्यांना ‘प्रेझ’, म्हणजे प्रेसिडेंट. मी यंग यांचे सूर लिहून काढले आहेत ते आमच्या सॅक्सोफोनवादकाने अभ्यासावेत म्हणून. मंचावर मात्र त्याने स्वतःचे वाजवावे, असे ठरले आहे.

११ फेब्रुवारी

पट्ट्या ठरल्या. आमच्या गायिकांचा आवाज हॉलिडे यांच्यापेक्षा खालचा आणि भरदार आहे, त्यामुळे बहुतेक गाणी मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा खाली घेतली. मूळ पट्टीचा हट्ट मला योग्य वाटत नाही. त्याच न्यायाने नक्कल पूर्ण वर्ज्य केली: तो किनरा, थोडा खरखरीत आवाज काढायचा नाही, शब्दाच्या शेवटी स्वर ओघळवण्याची त्यांची खास लकब उचलायची नाही, आणि केसांत गार्डेनियाचे फूल माळायचे नाही. फूल त्यांचे होते.

१८ फेब्रुवारी

पहिली पूर्ण तालीम. मुख्य काम रिदम सेक्शनचे होते. संवादिनीची साथ करताना गायकाच्या मागे सावलीसारखे जायचे, हा संस्कार माझ्यावर लहानपणापासून आहे, आणि आपल्याकडे तोच साथीचा धर्म मानला जातो. येथे धर्म उलटा आहे. गायिका मागे रेलल्या की पियानो, बास आणि ड्रम्स यांनी त्यांच्यासाठी थांबायचे नाही. ते थांबले तर त्यांचे रेलणे ऐकूच येणार नाही, सगळे गाणेच मंद झाल्यासारखे वाटेल. म्हणून आज मेट्रोनोम फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावून आम्ही तिघांनी गायिकेकडे न पाहता वाजवले, आणि गायिकांनी प्रथम गीत नुसते बोलून, मग दोन स्वरांत, मग पूर्ण चालीत म्हटले. दुपारच्या शेवटी ‘दिस इयर्स किसेस’मध्ये ते जमले. गिटारवादकाला काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदातल्या फ्रेडी ग्रीन यांच्यासारखे प्रत्येक मात्रेला एक अशा चार आघातांचे काम दिले आहे, ज्यात त्याला एकही एकल जागा नाही. त्याने ते आनंदाने स्वीकारले, याची येथे कृतज्ञतेने नोंद करतो.

२५ फेब्रुवारी

‘स्ट्रेंज फ्रूट’ गायचे की नाही, यावर आजची बैठक झाली. ती दीर्घ झाली आणि व्हायलाच हवी होती.

एबल मीरोपोल हे ब्राँक्समधील शाळाशिक्षक. इंडियाना राज्यातल्या मॅरियन येथे १९३० मध्ये थॉमस शिप आणि अब्राम स्मिथ या दोन कृष्णवर्णीय तरुणांना जमावाने झाडाला फाशी दिले. त्या घटनेच्या छायाचित्राने अस्वस्थ होऊन मीरोपोल यांनी ही कविता लिहिली, १९३७ मध्ये ती शिक्षकांच्या एका नियतकालिकात छापून आली आणि पुढे त्यांनीच तिला चाल दिली. ग्रेनिच व्हिलेजमधल्या ‘कॅफे सोसायटी’ या क्लबात, जेथे काळे-गोरे श्रोते शेजारी शेजारी बसत, हॉलिडे ती १९३९ मध्ये गाऊ लागल्या. क्लबचे मालक बार्नी जोसेफसन यांनी नियम घालून दिले होते: हे गाणे शेवटी होईल, वाढपी काम थांबवतील, सगळे दिवे मालवून फक्त गायिकेच्या चेहऱ्यावर एक झोत राहील, आणि गाणे संपल्यावर कितीही टाळ्या पडल्या तरी त्या परत येणार नाहीत. त्यांच्या नेहमीच्या कोलंबिया कंपनीने हे गाणे मुद्रित करायला नकार दिला, तेव्हा मिल्ट गेबलर यांच्या छोट्या कमोडोर कंपनीने २० एप्रिल १९३९ रोजी ते केले. हॉलिडे यांचे वडील क्लॅरेन्स, जे फ्लेचर हेंडरसन यांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवत, १९३७ मध्ये डॅलसला फुफ्फुसाच्या आजाराने वारले. कृष्णवर्णीय म्हणून त्यांना वेळेवर उपचार मिळाले नाहीत, ही जाणीव हॉलिडे यांच्या मनात या गाण्याशी जोडलेली होती.

हा निर्णय वाद्यसंयोजकाचा नव्हे, हे मी आधीच स्पष्ट केले होते. आमच्या गायिकांचे आजी-आजोबा जॉर्जियातून इकडे आले. त्या बराच वेळ ऐकत होत्या, आणि मग म्हणाल्या की, त्या हे गाणे गातील, पण मध्यंतराआधी शेवटचे म्हणून, त्याच जुन्या नियमांनी, आणि त्यावर कुणीही मंचावरून एक शब्दही भाष्य करणार नाही. जमावाच्या हातून होणाऱ्या अशा हत्यांविरुद्ध देशव्यापी कायदा व्हायला २०२२ साल उजाडले, हे कुणीतरी बोलून दाखवले. ते छापील पत्रिकेत एका ओळीत येईल.

वाद्यसंयोजन साधे ठेवले आहे. गीत फार छोटे आहे, म्हणून मूळ तबकडीत पियानोने लांब प्रस्तावना वाजवली आहे. आम्हीही प्रस्तावना ठेवली, पण ट्रम्पेट काढला. गाण्यात हॉलिडे लयीशी जवळजवळ खेळतच नाहीत, शब्द सरळ ठेवत जातात. इतर वेळी इतकी चतुर असलेली गायिका येथे चातुर्य बाजूला ठेवते, आणि त्यांच्या विवेकाचा याहून मोठा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

२ मार्च

पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर हॉलिडे यांचा कांस्यपुतळा आहे. जेम्स अर्ल रीड यांनी घडवलेला हा पुतळा १९८५ मध्ये उभा राहिला, पण त्याचा चौथरा आणि त्यावरचे कोरीव फलक २००९ मध्येच बसले. आज गायिका, ट्रम्पेटवादक आणि मी तेथे जाऊन आलो. एका फलकावर ‘स्ट्रेंज फ्रूट’चा उघड संदर्भ आहे. पुतळ्याचे ओठ उघडे आहेत, डोक्यात गार्डेनिया आहे आणि शरीर गाण्याच्या भरात किंचित मागे झुकले आहे. जवळच, या रस्त्याचे वैभव असलेले रॉयल थिएटर १९७१ मध्ये पाडले गेले. पत्रिकेच्या मुखपृष्ठासाठी पुतळ्याचे छायाचित्र घेतले.

१० मार्च

‘फाइन अँड मेलो’वर काम केले. हा १२ बारांचा ब्लूज स्वतः हॉलिडे यांच्या नावावर आहे आणि ‘स्ट्रेंज फ्रूट’च्या तबकडीची ती दुसरी बाजू. आम्ही मात्र १९३९ च्या ध्वनिमुद्रणापेक्षा ८ डिसेंबर १९५७ च्या ‘द साउंड ऑफ जॅझ’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातले रूप आधाराला घेतले. तेथे त्या उंच स्टुलावर बसल्या आहेत आणि भोवती वेब्स्टर, यंग, व्हिक डिकन्सन, जेरी मलिगन, कोलमन हॉकिन्स, एल्ड्रिज असे एकेक जण आपले वाजवत आहेत. यंग यांची प्रकृती तोवर ढासळली होती. त्यांची पाळी आली तेव्हा ते उठून उभे राहिले आणि एकच आवर्तन वाजवले: मोजके, लांब सूर, भरपूर मोकळी जागा. त्या वेळी कॅमेरा हॉलिडे यांच्यावर आहे. त्या मान डोलावत आहेत, ओठांवर हसू आहे, पुढचा सूर कोठे पडणार हे त्यांना आधीच कळते आणि तो पडला की त्या दाद देतात. मार्च १९५९ मध्ये यंग गेले. त्याच वर्षी १७ जुलैला हॉलिडे गेल्या.

संचातल्या सर्वांनी हे दृश्य एकत्र बसून पाहिले, कारण ऐकणे हाही या गायिकेच्या कलेचा भाग होता. आमच्या मांडणीत प्रत्येक वादकाला एकच आवर्तन मिळेल आणि एकाचे चालू असताना इतरांनी कागद चाळायचे नाहीत.

१६ मार्च

जाहिरातीच्या मसुद्यावरून थोडा वाद झाला. प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या मंडळींनी पाठवलेल्या भित्तिपत्रकावर ‘एका शापित जीवनाची गाणी’ अशा अर्थाची ओळ आणि शेजारी अंधारात झुकलेली स्त्री होती. ते परत पाठवले. नव्या पत्रकावर फक्त नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, गाण्यांची यादी आणि मूळ वादकांची नावे आहेत.

निवेदनातही तुरुंगवासाचा उल्लेख एकदाच येईल, आणि तो संगीताच्या अंगाने. १९४७ च्या शिक्षेनंतर न्यूयॉर्क पोलिसांनी त्यांना क्लबात गाण्यासाठी लागणारे ‘कॅबरे कार्ड’ नाकारले, त्यामुळे मद्य विकणाऱ्या कोणत्याही क्लबात त्यांना तेथे गाता येईना. सुटकेनंतर दोन आठवड्यांच्या आत, २७ मार्च १९४८ रोजी, त्यांनी तुडुंब भरलेल्या कार्नेगी हॉलमध्ये गायले. मात्र लहान खोलीत, चार हातांवर बसलेल्या श्रोत्यांसमोर रोज रात्री गाणे घडवण्याची जागा त्यांच्या शहराने हिरावून घेतली. ती पद्धत १९६७ मध्ये रद्द झाली. हे श्रोत्यांना कळले पाहिजे, कारण एका कलावंताकडून तिची कार्यशाळाच काढून घेतल्यासारखे ते होते.

२४ मार्च

शेवटच्या काळाचे काय करायचे, हा प्रश्न उरला होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये रे एलिस यांच्या तंतुवाद्यवृंदासोबत मुद्रित झालेल्या ‘लेडी इन सॅटिन’मध्ये आवाज पार झिजलेला आहे. काहींना तो ऐकवत नाही, काहींना त्यातच सर्वस्व दिसते. मला वाटते, दोन्ही बाजू आवाजाच्या दशेवर थबकतात. शब्द कोठे ठेवायचा याची समज तेथेही तितकीच शाबूत आहे, उलट आधाराला गळा नसल्यामुळे ती अधिकच उघडी दिसते. त्यातले ‘आय अॅम अ फूल टु वॉन्ट यू’ आम्ही फक्त पियानो आणि धनुष्याने वाजवलेल्या डबल बासवर घेतले आहे. गायिका आपल्या निरोगी, पूर्ण आवाजात गातील. झीज हे वठवून दाखवायचे कौशल्य नव्हे.

३१ मार्च

ईस्टरमुळे सभागृह मिळाले नाही, म्हणून ड्रम्सवादकाच्या घरी तालीम केली. मंगळवारी ‘की ब्रिज’ हा बाल्टिमोरचा मोठा पूल कोसळल्यामुळे बासवादकाला वाद्य घेऊन लांबच्या वाटेने यावे लागले. ड्रम्सवर आज फक्त ब्रश (तारांचे कुंचले) आणि हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी). पूर्वार्धासाठी तेच कायम केले.

६ एप्रिल

ध्वनिचाचणी. गायिकेचा मायक्रोफोन सोडून इतर सगळे मायक्रोफोन काढून टाकले. ब्लूज गायिका बेसी स्मिथ यांचा दणदणीत आवाज हॉलिडे यांना हवासा वाटे, पण त्या मायक्रोफोनच्या पिढीच्या होत्या आणि हळू आवाजातले बारकावे त्यांनी त्यामुळेच घडवले. मागच्या रांगेतून ऐकले असता शब्द स्पष्ट येत होते, सॅक्सोफोन थोडा दाट वाटला, म्हणून त्याला दोन पावले मागे घेतले. ‘स्ट्रेंज फ्रूट’च्या वेळी चहा-कॉफीची खिडकी बंद ठेवण्याची व्यवस्था सभागृहाच्या सेवकांशी बोलून झाली.

९ एप्रिल

कार्यक्रम परवा झाला. सभागृह भरले होते आणि शेजारच्या वस्तीतली ज्येष्ठ मंडळी मोठ्या संख्येने आली होती. ‘मूनलाइट’ला लोकांनी पहिल्या आठ बारांतच पायांनी ठेका धरला. ‘सेलबोट’मध्ये सॅक्सोफोनने आमच्या गायिकेच्या ओळीखाली जे वाजवले ते तालमीत कधीच आले नव्हते, आणि गायिकांनी ऐकून पुढची ओळ आणखी मागे खेचली, मी आणि बासवादक सरळ चालत राहिलो. ‘स्ट्रेंज फ्रूट’नंतर दिवे लागले तेव्हा त्या ठरल्याप्रमाणे आत गेल्या होत्या, आणि टाळ्या बऱ्याच उशिरा सुरू झाल्या. उत्तरार्धात ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ला अनेक जण सोबत गायले. त्यांना थांबवण्याचा विचारही कुणाच्या मनात आला नाही.

१७ जुलैच्या स्मृतिदिनी हाच कार्यक्रम पुन्हा करण्याची विनंती सभागृहाकडून आली आहे. तोवर दोन कामे आहेत. ‘मी, मायसेल्फ अँड आय’ यादीत घ्यायचे आहे, त्याचे ट्रम्पेट आणि तेनॉरचे भाग मी लिहीन. ‘फाइन अँड मेलो’ची लय आणखी थोडी संथ करून पाहायची आहे, म्हणजे शेवटच्या कडव्याला गायिकांना अधिक जागा मिळेल. पहिली तालीम ५ मे रोजी.